शेततळ्यातली समाधी

ज्या साली नात महेश्वरीचं लग्न झालं, त्याच साली, म्हणजे दोन हजार बावीसला, सिद्धारामनं बेंबळीजवळच्या आपल्या रानात शेततळं खोदायला घेतलं. पुरुषभर खोलीवर जेसीबी थांबला. खड्ड्यात एक सांगाडा मांडी घालून बसला होता. तळहाताच्या हाडांत लिंग. कवटीला मागून तडा.

लिंगायतांत मृताला असंच बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात, हे सिद्धाराम जाणून होता. अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत, त्याचे वडील शिवपुत्र बेपत्ता झाले. तेव्हा तो आईच्या पोटात होता. शेजारच्या दस्तगीरनं त्यांना मारून नदीत टाकलं, असं गावानं ठरवलं आणि दस्तगीरला ठार केलं.

त्याच दस्तगीरचा मुलगा वली काठी टेकत आला. जन्मभर 'खुन्याचं पोर' ऐकत तो म्हातारा झाला होता. खड्ड्यात डोकावून तो म्हणाला, "कारं सिद्धाराम, आमच्यात मुडदा आडवा निजवत्यात. माझ्या बापानं तुझ्या बापाला असा बसवला व्हय? वर हातात लिंग दिलं?"

"वली, गप."

"चौऱ्याहत्तर वर्सं गपच हाय की. आता तू बोल. माझ्या बापाचं नाव धुऊन दे, मंजी म्या मरायला मोकळा."

"थांब इथंच. आलोच."

पुरणारं माणूस घरचंच होतं. आणि त्या वेळचं घरात एकच माणूस उरलं होतं. नव्वदी ओलांडलेली आई, सिद्धम्मा, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"अव्वा, रानात अप्पा सापडले."

"बसलेलेच हाईत न्हवं?" तिनं वर न बघताच विचारलं.

सिद्धाराम तिच्यासमोर बसला. "कुणी मारलं?"

"मामंजींनी. पहारीनं. गावातले चार जण संगट हुते; दस्तगीरलाबी ह्याच पाचांनी मारलं हुतं. लिंग तेवढं म्या दिलं हातात."

"पोटच्या पोराला? आन् दस्तगीरकाका बिनगुन्ह्याचे गेले?"

शेंगा फोडायच्या थांबल्या.

"वलीला सांगणार हाईस?"

"सांगणार. तो थांबलाय रानात."

"मग नीट सांग. दस्तगीर मेला दसऱ्याच्या आधी. तुझे अप्पा रझाकारांच्या भ्यानं सोलापुरात लपले हुते. ते जिते घरी परत आले, मंजी दस्तगीरला मारणारे फासावर. म्हणून मेले दिवाळीच्या पाडव्याला."