जिन्यावरचं गेट

“रुंदी किती का असेना,” म्हणत प्रताप पाटणकरने गेटचे पाइप एकमेकांतून बाहेर ओढले, क्लॅम्प आवळला आणि गेटला बोटाने ढकललं. ते दारासारखं झुललं आणि आपोआप बंद झालं. “जिना अरुंद असो नाहीतर ऐसपैस, हे बसणारच. पोरं पडायला नकोत, म्हातारी माणसं पडायला नकोत.”

ओमानमध्ये, रुवी भागातल्या त्या ऑफिसात पेटंट एजंट तय्यबभाईंनी मान डोलावली. चहा ठेवायला आलेल्या सुगंधाने मात्र गेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते तिला पाठ होतं.

वादी अदाई वस्तीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये, रांगती लेक रेवा सारखी स्वयंपाकघरात घुसते म्हणून, असं पहिलं गेट तिच्या नवऱ्याने बनवलं होतं. रामकृष्ण सावंत, मूळचा कुडाळचा, प्रतापच्या वर्कशॉपमधला फोरमन. हौसेने त्याने ते साहेबांना नेऊन दाखवलं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि गुपचूप कंपनीच्या नावाने पेटंटचा अर्ज ठोकून दिला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पुढे कंपनीने दूरच्या सलालाह शहरात एका बंगल्यात तसंच गेट बसवलं. एके सकाळी त्याचा पाइप सरकला आणि खुदेजा नावाची घरची म्हातारी जिन्यावरून गडगडत खाली आली. खुबा मोडला, कायमची अंथरुणाला खिळली. प्रतापने पोलिसांसमोर हात झटकले. मला न विचारता केलेला फोरमनचा उद्योग, म्हणाला. रामकृष्णाची नोकरी गेली, पासपोर्ट कोर्टात जमा झाला, आणि तेव्हापासून तो सलालाहमध्येच एका गाववाल्याच्या खोलीवर तारखा झेलत पडला होता. बापाला रेवा फोनवरच ओळखू लागली होती.

घर चालावं म्हणून सुगंधाने ही नोकरी धरली. त्याच ऑफिसात प्रताप गिऱ्हाईक म्हणून चालत आला, तेव्हा देव आहे असं तिला पहिल्यांदा वाटलं. फोरमनच्या बायकोचं तोंड बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. त्याने तिला ओळखलंच नाही. तिला तो नुसता हरायला नको होता. तो रडायला हवा होता.

“पेटंट ऑफिसचे परीक्षक हसन एकच गोष्ट धरून बसलेत,” तय्यबभाई म्हणाले. ते रत्नागिरीचे, मराठी बोलायला मिळालं की खूश असत. “अर्ज कंपनीचा आहे, पण हे सुचलं कुणाला? एकट्याला की आणखी कुणाला? समोर बसवून विचारणार. दुसऱ्या कुणाचा हात असेल तर त्याचंही नाव घालावं लागेल.”

“दुसरं कोण असणार?” प्रताप हसला. “माझ्याकडे सगळे हमाल आहेत.”

सुगंधाच्या मोबाईलमध्ये एक फोटो होता. गेटचा क्लॅम्प आवळणारा रामकृष्ण आणि पलीकडे गेट धरून उभी असलेली रेवा. तो हसनसमोर धरला असता तर प्रतापचा फुगा तिथेच फुटला असता.

संध्याकाळी रामकृष्णाने फोनवर तेच सांगितलं. “केसचा काय व्हायचा ता होऊ दे. पण गेट माझा आसा. तो फोटो दाखव त्यांका.”

“नको,” ती म्हणाली.

“नको म्हणजे? तू कोणाच्या बाजून आसस गो?”

“तुमी जरा थांबा.”

त्याने फोन आपटला. त्यानंतर तो तिच्याशी बोलायचाच थांबला. सुगंधा एकटी बसून रडली. सकाळी डोळे धुतले आणि ऑफिसला गेली.

त्या दिवशी तिने प्रतापला आपणहून सल्ला दिला. “सर, नुसतं ‘कल्पना माझी’ म्हणू नका. परीक्षकांना पटणार नाही. पाइप किती सरकायचा, क्लॅम्प कसा धरायचा, हे सगळं तुम्हीच ठरवलंत असं एकेक करून सांगा.”

“हुशार आहात, मॅडम.”

“आणि कामगारांचं विचारतील. तिथे ढिलं बोलू नका.”

पेटंट ऑफिसात हसनने शांतपणे प्रश्न विचारले. सुगंधा तय्यबभाईंच्या मागे बसली होती.

“क्लॅम्प कुणाचा?”

“माझा.”

“फोरमनने काही बदल केला? एखादा सुद्धा?”

प्रतापने खुर्चीत अंग सैल सोडलं. “माझे लोक मी काढून देतो तेच जोडतात. माझ्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक गेटचं माप माझं आहे. मला विचारल्याशिवाय तिथे एक स्क्रू बसत नाही.”

हसनने सगळं जबाबात उतरवलं आणि त्याची सही घेतली.

“आता ध्यानात ठेवा,” बाहेर आल्यावर तय्यबभाई म्हणाले, “पेटंट मंजूर झालं की हा जबाब कुणीही मागून वाचू शकतो.”

“वाचू दे की! जगाला कळू दे.”

पेटंट मंजूर झालं. प्रताप ओमानी हलव्याचा डबा घेऊन आला. तय्यबभाईंना मिठी मारली, सुगंधापुढे डबा धरला. “अर्धं श्रेय तुमचं, मॅडम. त्या जबाबाची एक प्रत काढून द्या. फ्रेम करून केबिनमध्ये लावतो.”

“काढून ठेवलीय, सर.” तिने हलव्याला हात लावला नाही. “एक प्रत माझ्या मिस्टरांच्या वकिलांनीही नेली.”

“मिस्टर काय करतात?”

“तुमच्याकडे फोरमन होते. रामकृष्ण सावंत.”

प्रतापच्या हातातला डबा तसाच राहिला. “वकिलांना कशाला हवी ती?”

“सलालाहच्या कोर्टात द्यायला, सर. खुदेजाबाईंच्या जिन्यावरचं गेट कुणाच्या डोक्यातून निघालं, एवढंच तिथे ठरायचं राहिलं होतं.”