चित्रातला बाबा

बालवाडीतून मिळालेलं चित्रांचं पुस्तक घेऊन हेमांगी पाच वर्षांच्या लेकीजवळ, शर्वरीजवळ बसली. हल्लीची पुस्तकं मुलांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवत आणि जे पाहून मूल कष्टी होई, ते चित्रातून अलगद पुसून टाकत. दोन महिन्यांपूर्वी नवरा वारल्यापासून हेमांगीला ही सोय बरी वाटे.

आजच्या पानावर आई, मुलगी आणि एक मिशीवाला माणूस जेवायला बसले होते. त्याच्याखालच्या शब्दावर हेमांगीने बोट ठेवलं.

“बा... बा,” शर्वरीने अक्षरं जुळवली आणि तिचे डोळे भरून आले. लगेच चित्रातला बाबा फिकट होऊ लागला, त्याच्यामागची भिंत दिसू लागली.

शर्वरीने घाईघाईने फ्रॉकने डोळे पुसले, पानाजवळ तोंड नेलं आणि ती हसली. बाबा हळूहळू परत ठळक झाला.

“रडू येतंय का गं, बाळा?”

“नाही,” थरथरते ओठ ताणून हसत शर्वरी म्हणाली. “रडलं की तो जातो.”

गेले दोन महिने पोर एकदाही रडली नव्हती आणि सगळे म्हणत होते, किती समजूतदार आहे.