दुपारचं कुलूप

बाळाची दुपारची झोप म्हणजे घरातला मोठा सोहळाच. आधी कोमट पाण्याने अंग पुसायचं, मग पडदे ओढायचे, फोन बंद करायचा आणि बाळाला घेऊन गुणगुणत येरझाऱ्या घालायच्या. एवढं करून जरा डोळा लागला, की कुणीतरी दार वाजवायचं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडायचं. शेवटी नवऱ्याने नामी युक्ती काढली. जेवून दुकानात परत जाताना तो दाराला बाहेरून कुलूप घालू लागला. कुलूप दिसलं की आलेला माणूस मुकाट्याने माघारी जायचा.

आज बाळ नुकतं तिच्या खांद्यावर निजलं होतं, तोच बाहेर ओळखीचा आवाज आला. तिची आई! न कळवताच आली होती. बाळाला तसंच घेऊन ती चवड्यांवर चालत दारापाशी गेली.

"दुपारची कधी सापडायची नाही हो ती," शेजारीण सांगत होती. "रोज आपलं कुलूप!"

आतून हाक मारायला तिने तोंड उघडलं, तसं बाळ कुरकुरलं. तिचा हात आपसूक त्याला थोपटू लागला.

"बरंच आहे की," जिना उतरता उतरता आई कौतुकाने म्हणाली. "बाळ झालं म्हणून घरात अडकून नाही पडली माझी पोर."