बजरंगचं दुखणं

हॉस्पिटलातल्या चालायच्या मशीनचा पट्टा थांबला तसा बजरंग खाली उतरला आणि छातीला हात लावून बाकावर बसला. त्याला काही झालं नव्हतं. पण झुंबरबाई बघत होती, म्हणून त्यानं दोन-तीनदा लांब श्वास सोडला.

"बसा जरा," ती म्हणाली आणि पदर खोचून स्वतः पट्ट्यावर चढली.

पेशंटबरोबर घरच्या माणसानंही चालायचं, असा इथला नियम आहे, हे बजरंगनंच तिला सांगितलं होतं. तसा नियम कुठंच नव्हता. दुखणं तिचं होतं.

मळवलीत तपासणीचं शिबिर भरलं, तेव्हा दोघंही भाजे गावातून चालत गेली होती. शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी कणसं भाजून विकताना झुंबरबाईला धाप लागायची. ती कोळशाच्या धुराला नावं ठेवायची. रिपोर्ट आणायला बजरंग एकटाच गेला. त्याचं हृदय ठणठणीत निघालं. तिचं मात्र कमजोर झालं होतं, रक्त नीट पुढं ढकलत नव्हतं. तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, डॉक्टर म्हणाले.

ती जाणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा कैलास हायवेवर मोटरसायकलवरून पडला, तो हॉस्पिटलातून परत आलाच नाही. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं. माझं काय व्हायचं ते घरात होऊ द्या, त्या पायऱ्या मी स्वतःसाठी चढायची नाही.

म्हणून बजरंगनं तिला सांगितलं, की दोष त्याच्या हृदयात निघालाय. तिनं हातातली पाटी खाली ठेवली आणि कधी जायचं, एवढंच विचारलं.

व्यायाम घेणाऱ्या अमृताताईंना त्यानं पहिल्याच दिवशी गाठून विनवलं. त्यांना ते पटलं नाही. पेशंटपासून लपवता येत नाही, म्हणाल्या. पण पुढच्या खेपेला त्यांनीच सांगितलं, की चालू द्या आबा तुमचं, आम्ही काही बोलत नाही.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ही यात्रा सुरू होती. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, मळवलीहून लोकल पकडायची, उतरून हॉस्पिटलपर्यंत चालायचं. वाटेत तिचा श्वास फुलायला लागला की बजरंगच आधी कुठल्यातरी कठड्यावर टेकायचा आणि दमलो म्हणायचा. मग तीही टेकायची. घरी दोघांची आमटी अळणी. तिच्या गोळ्या हाडांच्या म्हणून तिला द्यायच्या आणि स्वतः हृदयाच्या म्हणून शक्तीच्या गिळायच्या.

तो थकून गेला होता. कैलास गेल्यावर त्यानं शेत पुतण्याला कसायला दिलं होतं आणि पडवीतली खाट धरली होती. कुणाशी बोलायचं नाही, कुठं जायचं नाही. आता एवढी धावपळ, आणि वर हे आजारी माणसाचं सोंग. सोंगाचाच शिणवटा जास्त होता. कधी कधी लोकलमध्ये बसल्या बसल्या त्याला वाटायचं, खरंच आपल्याला काहीतरी झालेलं असतं तर बरं.

त्या दिवशी व्यायाम संपल्यावर अमृताताईंनी त्याला बाजूला घेतलं. मावशींची धाप कमी झालीय, पण आता अँजिओग्राफी करावी लागेल. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायच्या. आधी उपाशी यायचं, आणि कागदावर मावशींनी स्वतः सही करायची. तेव्हा आता तुम्हीच त्यांना सांगा, आबा.

घरी आल्यावर त्याला सांगायला जमलं नाही. आपली मोठी तपासणी आहे, एवढंच तो म्हणाला. नवरा उपाशी म्हणून त्या सकाळी तिनंही चहा घेतला नाही. त्याला तेच हवं होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

हॉस्पिटलात दोघं बाकावर बसून होती. आतून फिनेलचा वास येत होता. समोरच्या दारातून एका माणसाला स्ट्रेचरवरून नेलं, तशी झुंबरबाईनं मान दुसरीकडं वळवली. आता सांगितलं की ही उठणार आणि तडक स्टेशन गाठणार. तिच्यामागं धावायची ताकद आपल्यात उरलेली नाही, असं बजरंगला वाटलं.

नर्स दारात आली, कागद चाळून आत गेली. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"झुंबर," तो म्हणाला, "तपासनी माजी न्हाई. तुजी हाय. मला कायबी झालेलं न्हाई. मी तुज्याशी खोटं बोललो."

ती उठली नाही. तिनं डाव्या मनगटातल्या बांगड्या एकेक करून काढल्या, रुमालात बांधल्या आणि ते गाठोडं त्याच्या हातात ठेवलं.

"जपून धरा," ती म्हणाली. "फुटत्यात."

"तुला राग न्हाई आला?"

"मला ताईंनी पैल्याच आठवड्यात सांगितलं, दुखनं माजंच हाय म्हनून. मी उटून घरीच निगालते." ती दाराकडं बघत बोलत होती. "मंग बघितलं, तुमी माजी पिशवी धरून उबं होता. कैलास गेल्यापास्नं खाटंवरनं उटला न्हवता तुमी. ताईंना म्हनलं, ह्यांना काय बोलू नका. ह्यांना बरं वाटंस्तोवर मी येत जाईन."