सरहद्दीवर गेलेली काडतुसं

कारगिलच्या वर्षी रानडुकरांनी गावचा पेरलेला भुईमूग उकरून खाल्ला. हसनाबादेत परवान्याची बंदूक एकट्या माझी, म्हणून लोक माझ्याच दारात.

मी हात वर केले. "जालन्याला जाऊन आलो. दुकानदार म्हणतो, कारखाना सध्या फौजेचाच माल करून राह्यला, तुम्हाला काडतूस न्हाई. न्हाईतर गेल्या साली बार काढून अख्खा कळप कसा पळवल्ता!"

दुकानदार खरंच तसं म्हणाला होता. तेवढं एक खरं होतं.

पुढच्या आठवड्यात जवानांच्या मदतीसाठी पारावर गाव जमलं. कुणी घोंगडी दिली, कुणी ज्वारी. मी छाती काढून म्हणालो, "माझ्या वाटची काडतुसं तर कवाच सरहद्दीवर गेली!" टाळ्या पडल्या. सरपंच रखमाजींनी मला नारळ दिला.

तेवढ्यात बायकांमधून आमची द्वारका उठली आणि तिनं पदराखालचं खोकं सरपंचांपुढं ठेवलं.



"भाऊजी, हीबी धाडा फौजेला. सहा वर्षांमागं ह्यांनी बंदुकीसंगं आणल्ती, आज गव्हाच्या कोठीत सापडली. मोजून घ्या, पंचवीसच्या पंचवीस बराबर हायेत."