न उघडणारं यंत्र

फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात सिडनीहून आलेला विक्रेता नवा संगणक थोपटत म्हणाला, “पाच वर्षं उघडायलाच नको! तुम्हाला नुसता आराम!” समोर दुरुस्तीखात्यातलीच माणसं बसली होती. त्यांतल्या थोरल्या नेमानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुरुस्तीची खोली म्हणजे चटईवर उघडी पडलेली यंत्रं, त्यांतून निघणारी पालीची अंडी, हातोहात फिरणारी यांगोना या मुळीच्या पेयाची करवंटी आणि गाणी. त्याची अख्खी हयात तिथंच गेली. हे यंत्र घेतलं, तर खोलीला कुलूप लागणार होतं. “बोला, काका,” खात्याची प्रमुख वासिती म्हणाली. “तुम्ही म्हणाल तसं.” नकोच म्हणायचं होतं त्याला. पण वादळात भिजलेले बेटांवरचे संगणक सुट्या भागांची वाट बघत महिनोन्महिने त्या खोलीतच पडून राहायचे आणि तिकडे पोरांच्या परीक्षा बुडायच्या. “यंत्र चांगलंय, घ्या,” तो खेकसला. “पण या टिकोजीरावाला आधी बाहेर काढा. माझं रडं त्याला दिसायला नको.”