खणातला लाडू

चारुलतानं लाडू तोंडाजवळ नेला आणि यमुताईंनी तिच्या हातावर फटका मारला. लाडू फरशीवर पडून फुटला.

चौथीची मुलं बाकांवरून वाकून बघू लागली. सकाळपासून दोन वर्ग एकत्र घेऊन यमुताईंचा घसा बसला होता. ओरडायला आवाज नव्हता, म्हणून हात उठला.

दाराशी तुळसाबाई उभी होती. आज तिच्या प्रेमिलाचा वाढदिवस. शेंगदाण्याच्या लाडवांचा जड डबा पोरीला पेलणार नाही, म्हणून विड्या वळायचं काम टाकून ती स्वतः घेऊन आली होती. वाढदिवस असला की रंगीत फ्रॉक घालायचा, एक मैत्रीण निवडायची आणि दोघींनी वर्गावर्गातून खाऊ वाटायचा, अशी शाळेची रीत. प्रेमिलानं चारुलताला निवडलं होतं. चारुलता म्हणाली, "मी वाटीन, पण खाणार नाही."

"मग मी तुले नाही नेत," प्रेमिला म्हणाली होती.

आता प्रेमिला खाली बसून लाडवाचा चुरा गोळा करत होती.

"राहू दे वं," तुळसाबाई म्हणाली. "मुंग्या खातीन. त्याईले चालते."

"तसं नाही, तुळसाबाई. हिला शेंगदाणा चालत नाही. संक्रांतीच्या वडीत कूट होता, तर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेता येईना. डॉक्टर ॲलर्जी म्हणतात त्याला. तिच्या वडिलांनी लिहून दिलंय." यमुताईंनी हजेरीपटातली चिठ्ठी काढून पुढे केली.

तुळसाबाईनं हात पुढे केला नाही.

"लय आयकलं, बाई. कोणाले उपास असते, कोणाचं पोट दुखते. धर्म बदलून सोळा वर्सं झाली आम्हाले, अन् आमच्या घरचा डबा आला का लोकं अजून बिमार पडून राह्यले."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मला खायचाय, बाई," चारुलता रडत म्हणाली. "थोडासाच." तिचा हात पुन्हा डब्याकडे गेला.

"काय करून राहिलीस तू!" यमुताईंनी तिचं मनगट धरलं. बारीकसं, घामेजलेलं मनगट. आज धरता आलं. उद्या मधल्या सुट्टीत, नळामागे, ही पोर मैत्रिणीसाठी गुपचूप खाईल. प्रेमिलाला थांबवू शकेल अशी एकच बाई होती, आणि तिला पटत नव्हतं.

"अन् तुम्हाले काय उठते, बाई?" तुळसाबाईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. तोही दमलेला होता. "पोरीनं पहिला लाडू तुम्हालेच देल्ला. कुठी हाये तो?"

लाडू टेबलाच्या खणात होता. 'घरी नेते हं,' असं यमुताई मघाशी म्हणाल्या होत्या. गेल्या वर्षीही म्हणाल्या होत्या. मुलं घरी गेली की शिपाई शालिकराम तो घेऊन जाई. तसं करायला त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. काही मुलांच्या वाढदिवसाला हात आपोआप खणाकडे जाई, इतकंच. बाकीच्यांचे पेढे त्या वर्गातच खात.

यमुताईंनी चारुलताचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं खण उघडला, कागद सोडला आणि उभ्या उभ्याच लाडवाचा घास घेतला.

कूट जाडसर होता, गूळ बेताचा. कोरड्या घशाखाली तो उतरेना. मुलं बघत होती. प्रेमिला चुऱ्याची मूठ मिटून बघत होती. यमुताईंनी पाणी मागितलं नाही. दुसरा घास घेतला, मग तिसरा. कागदावरचे कणही बोटानं टिपून खाल्ले.

तुळसाबाई शेवटचा घास उतरेपर्यंत थांबली. मग चपला दाराशी काढून आत आली, पहिल्या बाकाच्या कडेवर टेकली आणि पदरानं चारुलताचं नाक पुसलं.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा, बाई. काय होते या पोरीले?"